घट्ट की सैल? : एका फौजी ट्रकच्या चाकातील बेअरिंग

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने घसारा, लेखापरीक्षण किंवा फार तर सहकारी पतपेढ्या यांवर लिहावे, अशी आपल्या अंकाची रीत आहे. मी यंदा ट्रकच्या चाकावर लिहीत आहे, हे पाहून आमच्या सरांनाही नवल वाटेल. पण दिवाळीच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी चाकाच्या पोटात काय असते ते मला नीट शिकावे लागले. जे शिकलो ते इथे मांडतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आहे, उसाची ट्रॉली आहे, निदान एखादी जुनी जीप आहे. त्यांच्या हे उपयोगी पडेल.

माझे मामा बरीच वर्षे गुजरातेत, वाघोडियाला आहेत. वाघोडिया हे वडोदऱ्याच्या पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर असलेले तालुक्याचे गाव. गायकवाडांमुळे वडोदऱ्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे; सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आजव्याचा तलावही या बाजूलाच आहे. वाघोडियाला औद्योगिक वसाहत झाली, जवळच लिमडा येथे टायरचा मोठा कारखाना आला आणि त्यांच्याभोवती छोटी-छोटी वर्कशॉपे उभी राहिली. मामांचे असेच एक वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. एक लेथ, दोन वेल्डिंग मशिने, चार कामगार आणि एक म्हातारे गुजराती मिस्त्री. त्यांना सगळे ‘काका’ म्हणतात. आणि अंगणात, कडुनिंबाखाली, तो ट्रक.

ट्रकची कुळी

हा ट्रक निसानचा एक टनी. नाव जपानी असले तरी जन्म जबलपूरचा. आपल्या सैन्यासाठी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यांत परदेशी परवान्यावर तीन वाहने वर्षानुवर्षे तयार होत असत : जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’, आणि निसानच्या परवान्यावर हा एक टनी ट्रक व ‘जोंगा’. जोंगा हा शब्द जपानी नाही. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातील इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तो झाला आहे. जबलपूरचा स्वतंत्र वाहन कारखाना १९६९ साली स्थापन झाला. आज या तिन्ही गाड्यांचे उत्पादन बंद आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या अशा गाड्या लिलावात निघत आणि मग कुणी त्यांवर क्रेन बसवी, कुणी जंगलातून लाकडे ओढी, कुणी पाण्याची टाकी चढवी. मामांनी आपला ट्रक असाच दुसऱ्या हाताने घेतला, मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आणि मागे एक छोटी हातक्रेन जोडली. विहिरीवरचे पंप, कारखान्यातल्या मोटारी उचलून आणायला तो बरा पडतो.

मी बेळगावच्या बाजूचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. त्यामुळे फौजी गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या. पण एखाद्या फौजी गाडीचे चाक उघडलेले मी प्रथम पाहिले ते वाघोडियाला.

पावसाळ्यात हा ट्रक ओढ्या-नाल्यांतून, शेतांतल्या पाण्यातून जातो. गाडी पाण्यातून गेली की चालून तापलेले हब एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि जुन्या ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे चारही चाके उघडून बेअरिंगे धुवायची, नवी ग्रीस भरायची आणि पुन्हा बसवायची, असा मामांचा नेम आहे. यंदा मी मदतीला होतो.

बेअरिंग म्हणजे काय?

आमच्या घरी आजोबांच्या काळी बैलगाडी होती. तिच्या चाकाच्या मध्यभागी लाकडी तुंबा, तुंब्यात लोखंडी आख, आखाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून खीळ. तुंबा आणि आख एकमेकांवर घासत, म्हणून वंगण. वंगणाचा नळा गाडीखाली कायम लोंबकळत असे. गाडी चालताना चाक आखावर थोडे आत-बाहेर होई आणि त्याचा एक ठराविक खडखडाट ऐकू येई. आजोबा म्हणत, “चाक गप्प झालं की बघावं. एक तर गाडी उभी आहे, नाही तर वंगण संपलंय.”

मोटारगाडीच्या चाकातही तेच तीन घटक आहेत. आखाच्या जागी स्पिंडल, तुंब्याच्या जागी हब, खिळीच्या जागी नट. फरक एवढाच, की स्पिंडल आणि हब यांच्यामध्ये घासण्याऐवजी घरंगळण्याची सोय केलेली असते. ती सोय म्हणजे बेअरिंग.

सायकलच्या चाकात गोल छर्रे असतात. ट्रकच्या चाकात बहुधा निमुळते रूळ असतात : एका टोकाला थोडे जाड, दुसऱ्या टोकाला थोडे बारीक. रूळ ज्या आतल्या कड्यावर फिरतात त्याला कारागीर ‘कोन’ म्हणतात आणि बाहेरच्या कड्याला ‘कप’. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो; कोन स्पिंडलवर सरकतो.

रूळ निमुळते का? ट्रकच्या चाकावर दोन तऱ्हेचा भार येतो. गाडीचे वजन वरून खाली दाबते हा एक. गाडी वळताना चाक बाजूला ढकलले जाते हा दुसरा. सरळ रूळ वजन पेलतात, पण बाजूचा रेटा त्यांना सोसत नाही. निमुळता रूळ तिरपा बसतो, त्यामुळे दोन्ही भार घेतो. मात्र तो एकाच बाजूचा रेटा घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक चाकात अशी दोन बेअरिंगे एकमेकांच्या विरुद्ध तोंडे करून बसवतात, एक आतले आणि एक बाहेरचे.

या युक्तीचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन याने १८९८ साली घेतले. हा टिमकेन मोटारवाला नव्हता. तो सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. वळणावर गाडीच्या चाकावर येणारा आडवा रेटा ही त्याची अडचण होती. म्हणजे आजोबांच्या बैलगाडीचे आणि मामांच्या ट्रकचे नाते मी ओढूनताणून जोडलेले नाही.

आज आपल्या देशात बेअरिंगांची वाण नाही. पुण्याजवळ चिंचवडला आणि वडोदऱ्याजवळ माणेजा येथे १९६० च्या दशकापासून बेअरिंगे बनतात. अर्थात कारखान्याने बेअरिंग कितीही अचूक केले, तरी ते चाकात किती घट्ट बसवायचे हे शेवटी नट फिरवणाऱ्या माणसावरच अवलंबून असते. माझी चूक तिथेच झाली.

फट हवीच, पण किती?

निमुळत्या बेअरिंगची खुबी अशी, की बाहेरचा नट आवळला की कोन आत सरकतो आणि रूळ कपात रुतू लागतात. नट सैल केला की रूळ आणि कप यांच्यात फट पडते. तेव्हा एकाच नटावर चाक किती मोकळे फिरेल हे ठरते.

फट फार मोठी राहिली तर चाक डुलते. वजन सगळ्या रुळांवर वाटले न जाता दोन-चार रुळांवरच येते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा बेअरिंगवर हातोडीसारखा बसतो. ऑइल सील झिजते, ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, टायर एका बाजूने खाल्ला जातो.

फट मुळीच राहिली नाही तर काय होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. माझी समजूत साधी होती : चाक आहे, घट्ट असलेले बरे. निघून पडण्यापेक्षा आवळलेले चांगले. ही समजूत बहुतेकांची असते. पण आवळलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीसच्या थराला जागाच राहत नाही. रूळ कोरडे घासतात, तापतात. तापले की फुगतात. फुगले की आणखी घट्ट होतात. घट्ट झाले की आणखी तापतात. हे चक्र आपोआप थांबत नाही. ग्रीस पातळ होऊन गळून जाते, रूळ जळतात आणि शेवटी कोन स्पिंडलला चिकटतो. त्यापुढे स्पिंडल कापला जाऊन अख्खे चाकच निघून जाऊ शकते. म्हणजे जे होऊ नये म्हणून आपण नट आवळला तेच होते.

म्हणून ट्रकच्या चाकात फार थोडी, पण निश्चित फट ठेवतात. जड वाहनांसाठी सर्वसाधारणपणे एक ते पाच हजारांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर, इतकी फट योग्य मानली जाते. आपल्या वहीच्या एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. तेव्हा फट असावी ती कागदाच्या जाडीच्या आसपास, आणि शक्यतो त्याहून कमीच. पंधरा-वीस मण वजन पेलणाऱ्या चाकाचे आयुष्य वहीच्या एका पानाएवढ्या जागेवर ठरते, हे मला फार चमत्कारिक वाटले.

काम कसे करावे?

आता प्रत्यक्ष काम. काकांनी मला डाव्या पुढच्या चाकावर शिकवले, तेच क्रमाने सांगतो.

गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. जॅकने आस उचलावा आणि आसाखाली भक्कम घोडा ठेवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. यात काकांनी एकदाही सूट दिली नाही.

चाक उघडण्याआधी ते वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवून पाहावे. डुलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. थांबले नाही तर दोष किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खुंटीचा. एवढ्याशा युक्तीने एक दिवसाचे उगाच केलेले काम वाचते.

हा ट्रक चारही चाकांनी ओढणारा असल्यामुळे पुढच्या हबच्या तोंडावर बोल्टांनी बसवलेली एक चकती असते, ती आधी काढावी. आत दोन मोठे नट दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक पातळ वॉशर. या वॉशरचा कान नटावर दुमडलेला असतो, म्हणजे नट आपोआप फिरत नाही. कान छिन्नीने हळूच सरळ करावा. नट मात्र छिन्नी-हातोडीने फिरवू नये. पुष्कळ ठिकाणी तसे करतात आणि नटाचे कोपरे मोडून ठेवतात. मामांनी जाड पाइपचा तुकडा कापून, त्याला नटाच्या मापाचे तोंड करून घरीच एक पाना बनवला आहे.

हब बाहेर ओढताना बाहेरचे बेअरिंग आधी निसटते. ते हातात धरावे, मातीत पडू देऊ नये. सगळे भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवावेत. आमच्या चाकातली ग्रीस दुधासारखी पांढरट झाली होती, म्हणजे पाणी शिरले होते. धुतलेले बेअरिंग कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवण्याचा मोह होतो. तसे करू नये, कोरडे रूळ तेवढ्यात खराब होतात.

मग उजेडात पाहावे. रूळ चकचकीत व एकसारखे असतील तर बेअरिंग चांगले. बारीक खड्डे, गंजाचे ठिपके किंवा कपात रुळांच्या अंतराने उमटलेल्या आडव्या खुणा दिसल्या तर बदलावे. रूळ निळसर झाले असतील तर ते कधीतरी जळले आहे. बदलताना कोन आणि कप दोन्ही बदलावेत. नव्याची जुन्याशी जोडी जमत नाही.

ग्रीस भरण्याची रीत अशी : तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावे, ग्रीस रुळांमधून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. वरून चोपडलेली ग्रीस आत जात नाही. जुनी चुन्याची ग्रीस १०० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळून वाहू लागते. लिथियमची ग्रीस १८० अंशांच्या वरपर्यंत टिकते. ब्रेकची उष्णता हबपर्यंत येते, म्हणून चाकात लिथियमचीच वापरावी आणि दोन जातींच्या ग्रीस मिसळू नयेत. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे, ते स्वस्त असते.

आता मुख्य गोष्ट. हब चढवून आतला नट घालावा आणि चाक हाताने दोन्ही दिशांना फिरवत-फिरवत तो आवळावा. फिरवत राहिले की रूळ आपापल्या जागी नीट बसतात. चाक न फिरवता आवळले तर रूळ तिरके राहतात आणि घट्टपणाचा भास होतो. चाक जड फिरू लागले की थांबावे. मग नट मागे घ्यावा. किती, ते त्या-त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. कुठे फेऱ्याचा सहावा हिस्सा, कुठे आठवा.

इथे माझे त्रैराशिक कामाला आले. समजा नटाच्या आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर आहे. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट दीड मिलिमीटर सरकतो. आठवा हिस्सा म्हणजे सुमारे ०.१९ मिलिमीटर. मी काकांना म्हटले, “काका, ही फट तर जास्त झाली!” त्यांनी नुसती मान हलवली आणि वॉशर घालून बाहेरचा नट आवळला. मग फट मोजली, तर ती कमी भरली. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधली ढिलाई संपेपर्यंत आणखी थोडा आत रेटतो. म्हणून आतल्या नटावर ठेवलेली फट ही शेवटची फट नव्हे. बाहेरचा नट आवळल्यानंतर पुन्हा मोजलीच पाहिजे. कमी-जास्त असेल तर सगळे सोडवून पुन्हा करावे, आणि मनासारखी आल्यावरच वॉशरचा कान दुमडावा.

मोजण्यासाठी काका लेथवरचा डायल गेज वापरतात. त्याचा पाय हबला टेकवायचा, काटा स्पिंडलच्या टोकावर ठेवायचा आणि चाक सरळ आत-बाहेर ओढायचे. काटा फट दाखवतो. मी विचारले, इतक्या वर्षांच्या अनुभवावर हातानेच कळत नाही का? काका म्हणाले, “कळतं. पण सकाळी एक कळतं, संध्याकाळी थकल्यावर दुसरं कळतं.” त्यांच्या काट्यावर ०.०६ आले आणि त्यांनी कान दुमडला.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी काका कामाला आले नाहीत आणि मामा वडोदऱ्याला गेले होते. उजवे पुढचे चाक उघडेच होते. दुपारी मामेभाऊ दादा म्हणाला, “जरोदजवळच्या शेतातला पंप आणायचा आहे. तुझं होईल का चाक?” मी म्हटले, “होईल.”

आमच्या सीमाभागातल्या वाचकांना एक गंमत सांगतो. मराठीत ‘बिगीबिगी’ म्हणजे लवकर लवकर. कन्नडमध्ये ‘बिगी’ म्हणजे घट्ट. आमच्याकडे शेतात वडील गड्याला “बिगी माडू” म्हणत तेव्हा लहानपणी मला वाटे, ते त्याला घाई करायला सांगत आहेत. त्या दुपारी मी दोन्ही भाषांतली ‘बिगी’ एकदम केली. आतला नट आवळला, केसभर मागे घेतला, बाहेरचा नट पान्याला पाइप लावून ताकदीने आवळला, कान दुमडला. बाहेरचा नट आवळल्यावर पुन्हा मोजायचे हे मला ठाऊक होते. डायल गेज लेथवर समोर होता. मी तो घेतला नाही. चाक जरा जड फिरत होते. मी स्वतःला समजावले, नवी ग्रीस आहे, नवे सील आहे, फिरता-फिरता मोकळे होईल.

आम्ही निघालो. दादा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे दोन कामगार क्रेनला धरून उभे. सात-आठ किलोमीटर गेल्यावर जळकट वास आला. दादाने गाडी कडेला घेतली. उजव्या चाकाच्या हबमधून बारीक धूर निघत होता आणि चकतीच्या कडेने पातळ झालेली ग्रीस टायरवर ओघळत होती. समोरून शाळेची एक बस आम्हाला ओलांडून गेली. ती बस मी अजून विसरलेलो नाही.

दादाने विचारले, “काय झालं असेल रे?” मी म्हणालो, “ब्रेक चिकटला असेल.”

ब्रेक चिकटला नव्हता, हे मला माहीत होते. एक कामगार पाण्याचा डबा घेऊन आला. दादाने त्याला थांबवले, कारण तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी टाकले तर ते तडकते. तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. मग नट सोडून थोडा सैल केला आणि बैलगाडीच्या चालीने, दर दोन किलोमीटरला हात लावून पाहत, वर्कशॉपवर परत आलो. पंप तिथेच राहिला. शेतकऱ्याचे त्या दिवसाचे पाणी बुडाले.

संध्याकाळी मामा आले. दादा त्यांना सांगू लागला, “ब्रेक...” तेव्हा मी मध्येच म्हणालो, “मामा, ब्रेक नाही. मी फट मोजली नव्हती.”

मामा रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी काकांसमोर उघड.”

सकाळी उघडले. बाहेरच्या बेअरिंगचे रूळ निळे पडले होते. काकांनी एक रूळ बोटाने फिरवून पाहिला, मग स्पिंडलवर नख फिरवले. नखाला ओरखडा लागला नाही. “स्पिंडल वाचला,” ते म्हणाले. “आणखी पाच-सहा किलोमीटर गेला असतात तर तो गेला असता. मागे पोरं उभी होती ना?” त्यांनी मला एवढाच प्रश्न विचारला. मी मान खाली घातली.

नवे बेअरिंग, नवे सील आणि ग्रीस यांचा खर्च मी माझ्या सुटीच्या पैशांतून दिला. मामा नको म्हणत होते. मी ऐकले नाही.

मग त्याच चाकावर काकांनी मला पुन्हा बसवले. या खेपेला मी तीनदा सोडले आणि तीनदा बांधले. पहिल्यांदा काटा ०.१८ दाखवी, दुसऱ्यांदा जवळजवळ शून्य, तिसऱ्यांदा ०.०८. “थोडुं ढीलुं सारुं,” काका म्हणाले, म्हणजे थोडे सैल चांगले. मग दादाबरोबर दहा किलोमीटर जाऊन आलो आणि चारही हबांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. चारही सारखीच कोमट होती. ही शेवटची परीक्षा कुणीही करू शकतो : एकच हब इतरांपेक्षा गरम लागले, तर त्या चाकाकडे पाहावे.

हिशेबाच्या वहीत

आमच्या अभ्यासक्रमात भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांचा फरक शिकवतात. ग्रीस, ऑइल सील, वॉशर हे महसुली खर्च. स्पिंडल आणि आस बदलावा लागला तर तो मोठा, वर्षाचा ताळेबंद हलवणारा खर्च. पहिला टाळला की दुसरा येतो, हे मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. ते खरे असते हे वाघोडियाच्या रस्त्यावर कळले.

लेखापरीक्षणातही आम्ही शिकतो, की परीक्षकाने स्वतः न पडताळता सही करू नये. वॉशरचा कान दुमडणे ही कारागिराची सही आहे. मी ती न मोजता केली. आणि मग दुसऱ्याने विचारल्यावर ब्रेकचे नाव सांगितले. या दोन चुकांपैकी मला दुसरीची जास्त लाज वाटते.

सुटी संपवून घरी आलो तेव्हा आमच्याकडे ऊसतोड सुरू होणार होती. ट्रॅक्टरची ट्रॉली गोठ्यामागे उभी होती. तिच्या चाकातही अशीच निमुळती बेअरिंगे असतात आणि तिच्यावर ट्रकपेक्षा कितीतरी जास्त ओझे चढते. मी जॅक लावला, घोडा ठेवला, चाक वर-खाली धरून हलवले. डाव्या बाजूचे चाक बोटभर डुलले. वडील म्हणाले, “गेल्या हंगामापासून ते तसंच आहे. चालतंय की!” उघडले तर बाहेरचा नट सैल होऊन वॉशरचा कान तुटलेला होता. हंगामात भर रस्त्यावर ते चाक कुठल्या तरी उतारावर गेले असते.

खानापूरहून नवे बेअरिंग आणि वॉशर आणले. डायल गेज आमच्याकडे कुठला? काकांनी निरोप देताना सांगितले होते, की गेज नसेल तर दोन्ही हातांनी चाक धरून पाहा, डुलणे अगदी किंचित जाणवले पाहिजे, आणि दहा किलोमीटरनंतर हात लावायला विसरू नको. तसेच केले. पहिल्या फेरीला ट्रॉलीबरोबर मी स्वतः कारखान्यापर्यंत गेलो आणि वाटेत दोनदा उतरून हब चाचपले. दोन्ही वेळा ते कोमटच होते.